नानींनी भंडार उचलला नाही

मालननानींचं माहेर कोपरगावकडचं. नदीचं पाणी, पाटाचं पाणी, उसाच्या सऱ्यांतून खेळणारं पाणी. तिथल्या पोरीला पाण्याची किंमत कळायचं काही कारणच नव्हतं. लग्न होऊन आल्या त्या खर्ड्याच्या पलीकडच्या कोरड्या बोरदऱ्याला. नव्या नवरीनं तांब्याभर पाणी पायांवर ओतून घेतलं आणि सासूनं येऊन तो तांब्या हातातून काढून घेतला. बोलली एक शब्द नाही. नानी पुढं सुनांना सांगायच्या, "तिनं मला दोन शिव्या घातल्या असत्या तर मी इसरून गेल्ते. त्यो तांब्या काय इसरले न्हाई."

अशी बाई पुढं गावचं पाणी सांभाळायला लागली यात नवल काही नाही. नवल पुढं घडलं, आणि बोरदऱ्यातली माणसं ते अर्धंच सांगतात. जे अर्धं त्यांच्या अंगावर येतं ते सोयीनं गाळतात. म्हणून सगळं सांगायला हवं.

गावाला नळयोजना आली. डोंगराच्या उतारावर टाकी बांधली आणि टाकीतून दोन फाटे काढले, एक वरच्या आळीला, एक खालच्या. दोन्हीकडं एकदम सोडलं की खालची आळी सगळं पाणी ओढून घ्यायची आणि वरच्या आळीच्या नळाला नुसता वारा फुसफुसायचा. म्हणून टाकीखाली खड्डा करून दोन व्हॉल्व्ह बसवले. आज एका आळीचा दिवस, उद्या दुसरीचा. ज्यांचा दिवस त्यांचा व्हॉल्व्ह उघडा, दुसरा बंद. फिरवायला हातभर लांबीचा लोखंडी पाना.

पाण्याची समिती झाली, अध्यक्ष झाले खालच्या आळीचे सहादेवतात्या. तात्या म्हणजे कुणालाच नाही न म्हणणारा गोड माणूस. आणि पहिल्याच बैठकीत घोडं अडलं: पाना ठेवायचा कुणाकडं? एकाचं नाव निघालं तर दुसरा हसला, तो संध्याकाळी शुद्धीत नसतो म्हणून. दुसऱ्याचं निघालं तर तिसरा म्हणाला, त्याचे सगळे पाव्हणे वरच्या आळीत. मग मागून कुणीतरी म्हणालं, "मालननानी." झालं, सगळ्यांच्या माना हलल्या. पाना नानींकडं. पाळी कुणाची, लग्नकार्याला कुणाला जास्तीचं सोडायचं, हे कोण ठरवणार? "पाना त्यांच्याकडंच हाय, त्याच ठरवतील की." आणि तक्रार आली तर? "नानीलाच सांगायची." चहा यायच्या आत समितीनं आपलं सगळं काम नानींच्या पदरात बांधलं आणि चहा पिऊन माणसं घरोघर गेली. गावाला भरवशाचं माणूस सापडलं की गाव असंच करतं. आधी त्याच्या पाया पडतं आणि मग निवांत झोपी जातं.

नानींनी मात्र काम असं केलं की नाव ठेवायला जागा नाही. थोरला हर्षल भिंगारला लष्कराच्या वर्कशॉपात नोकरीला. त्याचं लग्न गावात, खालच्या आळीतल्या घरी, भर उन्हाळ्यात, आणि नेमका तो वरच्या आळीचा दिवस. मालक छगनआप्पा हातापाया पडले, "अगं घरचं कार्य हाय, घटकाभर सोड." नानींनी नाही म्हणजे नाही सोडलं. पाना घरात खुंटीला टांगलेला आणि मांडवाच्या दारात विकतचा टँकर उभा. आप्पा हे पहिली काही वर्षं चिडून सांगायचे, मग मिशीवर हात फिरवून सांगायला लागले.

आणखी एक करायच्या नानी. वरच्या आळीचा दिवस असला की आपल्या अंगणातल्या नळाला फडकं बांधून टाकायच्या. आज पाणी आपलं नाही, तर नळाकडं बघायचंसुद्धा नाही, अशी ती शिस्त. शेजारच्या बाया हसायच्या. नानी म्हणायच्या, "हसा. माझ्या मनाला मी वळखते."

आता हे फडकं लक्षात ठेवण्यासारखं आहे, कारण माणसाचा चांगुलपणाच कधीकधी त्याच्या डोळ्यांवर बांधला जातो. पण ते पुढं.

यंदाच्या उन्हाळ्यात वरच्या आळीतली रोहिणी नानींच्या दारात आली. शेवटच्या घरची सून, लग्नाला दोन वर्षं झालेली. काखेत हंडा, अर्धा भरलेला.

"नानी, आमच्या दिवशी पानी पुरत न्हाई."

"उन्हाळा हाय बाई."

"उन्हाळा खाली बी हाय. तितं भांडी घासून अंगनात सडा पडतोय. आमच्याकडं प्यायचं भरंना."

दुसरं कुणी असतं तर खेकसलं असतं. नानी पाना घेऊन उठल्या आणि रोहिणीला खड्ड्याजवळ घेऊन गेल्या. वरच्या आळीचा दिवस होता. खालच्या आळीच्या व्हॉल्व्हला पाना लावला आणि बंद करायच्या दिशेनं जोर दिला. पाना तसूभर हलला नाही. "बघ, गच्च हाय. तू फिरीव." रोहिणीनं दोन्ही हातांनी जोर लावला. नाही हलला.

"तुजं घर पडलं उंचावर, त्याला मी काय करू?" नानी म्हणाल्या.

रोहिणीनं हंडा उचलला. जाता जाता थांबली. "नानी, एक इचारू? तक्रार करायची तर कुनाकडं करायची?"

"केलीस की माझ्याकडं."

"तुमच्या कामाची तक्रार, म्हनत्ये मी."

नानी हसल्या. जेवताना आप्पांनाही हसत सांगितलं, "पोरगी बोलायला लई तिखट हाय." पण ते वाक्य काही केल्या खाली उतरेना. पोरीनं आगाऊपणा केला म्हणावं तर शब्द तर एकही वावगा नव्हता. खरंच, कुणाकडं करायची?

त्यानंतरच्या रविवारी खंडोबाच्या देवळापुढं उन्हाळ्याच्या पाळ्यांची बैठक भरली आणि रोहिणी सगळ्यांसमोर उभी राहून तेच बोलली. नानींचं नाव घेतलं नाही. पण पाण्याचं सगळं नानींकडंच, मग नाव घ्यायची गरज तरी काय. सासऱ्यानं मान खाली घातली. सासूनं दंडाला चिमटा काढला तो समोरच्यांनासुद्धा दिसला.

आणि उठली खालची आळी! नानींच्या भिंतीला भिंत लागून राहणारी दिपाली सगळ्यांच्या वर. "ज्या बाईनं पोराच्या लग्नात टँकर आनला तिच्यावर आळ घेती व्हय गं? जीभ झडंल. नानीसारखी बाई दिवा घिऊन फिरलीस तरी घावायची न्हाई." बाकीच्या बायांनी री ओढली. वरच्या आळीतलीही जुनी माणसं म्हणायला लागली, सुनेला आवरा.

सहादेवतात्यांना भांडण सोसत नाही. त्यांनी हात वर केला. "हे असं लोंबकळत ठिवायला नको. नानी, तुमी बेल-भंडार उचला. मिटलं."

हा आमच्याकडचा जुना रिवाज आहे. गुरव ताटलीत बेलाचं पान आणि खंडोबाची हळद घेऊन येतो. ज्याच्यावर आळ आला त्यानं ती मुठीत उचलायची आणि म्हणायचं, माझा हात स्वच्छ आहे. एकदा उचलला की विषय संपला, पुन्हा तोंडातून काढायचा नाही. आणि आळ घेणाऱ्यानं सगळ्यांदेखत पाय धरून माफी मागायची. भंडार खोटा उचलायची छाती गावात कुणाची होत नाही, आणि खरा असून नाकारलाय असंही कुणी पाहिलेलं नाही.

गुरव ताटली घेऊन आला. नानी उठल्या. मनात काडीची शंका नव्हती, आपण थेंब इकडचा तिकडं केलेला नाही. हात पुढं केला, आणि नजर गेली रोहिणीवर.

पोरगी रडत नव्हती. पाय धरायला लागणार हे कळून उभी होती, एवढंच. नानींच्या डोळ्यांपुढं तो अर्धा हंडा आला. आता आपण ही मूठ उचलली की ही जन्माची खोटारडी ठरली. हिला याच गावात, त्याच चिमटे काढणाऱ्या सासूच्या हाताखाली अजून चाळीस वर्षं काढायची आहेत. आणि ही खोटं बोलतेय का? हंडा तर आपण पाहिला. मी पाणी चोरलं नाही हे देवाला सांगता येईल. पण पाणी कुठं जातंय, ते मला तरी कुठं ठाऊक आहे? भंडार माझं मन तपासणार. पाणी काय माझ्या मनातून वाहत नाही, पायपातून वाहतंय.

नानींनी हात मागं घेतला.

"मी न्हाई उचलत," त्या म्हणाल्या.

गुरवाला हातातली ताटली कुठं ठेवावी ते कळेना.

"अवो नानी," तात्या चाचरत म्हणाले, "तुमी पानी वळवलं न्हाई ना? मग?"

"न्हाई वळवलं. पन पोरीच्या नळाला पानी कमी येतंय, हे बी खरं हाय. मी उचलला की ती खोटी पडती. ती खोटी न्हाई."

"मंग चोर कोन?"

"त्येच बघाया पाहिजे. अन् ते मी बघून चालायचं न्हाई." नानी लोकांकडं वळल्या. "पाना माझ्याकडं, पाळी मीच ठरवायची, तक्रार बी माझीच माझ्याकडं. माझ्या हातनं चुकलं तर धरायचं कुनी? मीच? तुमी ही तिन्ही कामं एका खुंटीला टांगलीत. पाना एकाकडं द्या, पाळी दुसऱ्यानं ठरवू द्या, तक्रार ऐकायला तिसरा ठिवा. अन् माझं काम तपासा कुनीतरी."

किती शहाणं बोलली बाई! पण ऐकलं कुणी? सगळ्यांना दिसला तो एवढाच हात, पुढं आला आणि मागं गेला. मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "कर न्हाई त्याला डर कशाला?" आणि ते वाक्य बैठक उठायच्या आत गावाच्या वेशीपर्यंत जाऊन आलं.

घरी आप्पांनी जेवणाचं ताट सारलं. "एक मूठ भंडार, मालन. येवढ्यानं सगळं ऱ्हायलं असतं. जल्मभर ताठ मानंनं वागलो, आता पारावर कुठल्या तोंडानं बसू?"

"दुसऱ्याच्या लेकीला खोटं पाडून ताठ मान करायची?"

"ती कोन आपली?"

नानींनी आपलंही ताट बाजूला सारलं. मग विचारलं, "तुमाला तरी वाटतं का, मी पानी चोरलं आसंल?"

आप्पा नाही म्हणाले. पण लगेच म्हणाले नाहीत. मधे जी फट पडली ती नानींना बोलण्यापेक्षा जास्त लागली. त्यांनी भांडी गोळा केली आणि उष्ट्या हातानंच डोळे पुसले.

पुढचे दिवस वाईट गेले. दुकानात गेल्या की बोलणं थांबायचं. दिपाली रोज विरजण मागायला यायची, ती यायची बंद झाली. लोक आता "नानी" म्हणत नव्हते, "ती" म्हणत होते. हर्षलनं भिंगारहून फोन करून विचारलं, "आई, काय केलंस गं?" म्हणजे तिथवरही पोचलं होतं. भल्या माणसाची अब्रू काचेच्या बांगडीसारखी, हे म्हणायला ठीक आहे. फुटल्यावर काच टोचते कुणाला, तर ज्याच्या हातात बांगडी त्यालाच.

समितीनं नानींकडून पाना काढून घेतला. आता द्यायचा कुणाला? तात्यांचा पारा कधी चढत नाही, त्या दिवशी चढला. "द्या त्या रोहिणीलाच. लई बोलती. बघू काय दिवे लावती." पाना रोहिणीकडं गेला. पण ती वरच्या आळीची, आपल्याच आळीला झुकतं माप देईल, म्हणून पाळ्या समितीनं ठरवून देवळाच्या फळ्यावर लिहायच्या असं ठरलं. आणि व्हॉल्व्ह बंद केल्यावर खरंच बंद झालाय की नाही, हे त्या त्या आळीत जाऊन नळ सोडून बघायचं. ते काम दिलं अमृतला. अमृत टेम्पो चालवतो, दोन्ही आळ्यांतून त्याची ये-जा. तक्रारीचं मात्र कुणालाच सुचलं नाही, ते तसंच राहिलं.

बघा, नानींनी जे मागितलं होतं त्यातलं दोन आणे सोडून सगळं झालं. पण नानींचं ऐकून नाही झालं. एकीवरचा राग आणि दुसरीवरचा संशय, यातून झालं. बोरदऱ्यात चांगली रीत शिरली ती अशी मागच्या दारानं.

वरच्या आळीचा पहिलाच दिवस आला. रोहिणीनं खालचा व्हॉल्व्ह बंद केला, अगदी गच्च, पाना हलेनासा होईपर्यंत. अमृतनं खालच्या आळीत टेम्पो थांबवून पहिल्या घरचा नळ सोडला. करंगळीएवढी धार, न तुटता. तो तसाच फिरला आणि रोहिणीवर तडकला, "बंद करायचा म्हंजी काय ते तरी कळतं का?"

"तुमीच करा की," रोहिणीनं पाना त्याच्या हातात दिला.

अमृतनं अंगातली सगळी रग लावली, कपाळाला घाम आला, पाना हलला नाही. व्हॉल्व्ह बंद होता आणि पाणी चालू होतं. हा काय प्रकार? जामखेडहून फिटर बोलावला. त्यानं व्हॉल्व्ह उकलला तर आत झडपेखाली सुपारीएवढा खडा रुतून बसलेला. झडप खाली यायची ती खड्यावर टेकायची. पाना अडायचा, हाताला वाटायचं बंद झालं, आणि खालून फटीतून पाणी खालच्या आळीला वाहत राहायचं. वरच्या आळीचं पाणी जात होतं ते तिथं.

खड्ड्याभोवती सगळं गाव जमलं. खडा या हातातून त्या हातात फिरला. नानीही आल्या होत्या, कडेला उभ्या होत्या. तात्यांचा चेहरा उजळला. "म्हंजी नानींचा दोष न्हाई! आरं, दगडाचा दोष!" माणसं नानींकडं बघून हसायला लागली. आप्पांनी टोपी सरळ केली. कितीतरी दिवसांनी नानींना मोकळा श्वास आला.

तेवढ्यात अमृत म्हणाला, अगदी सहज म्हणाला, "पर एक कळंना. बंदच्या दिवशी नळाला धार येतीया, हे खालच्या आळीत एकाला बी कळलं न्हाई?"

खालची आळी एकमेकांकडं बघायला लागली. नानींनाही हे तेव्हाच सुचलं. त्यांना स्वतःला कळायची सोय नव्हती, त्या दिवशी त्यांच्या नळाला फडकं असायचं. पण बाकीच्यांना?

दिपालीच बोलली, आणि बोलली तीही लाडानं. "कळत हुतं की. आमाला वाटलं, नानीच सोडत्यात जरा जरा. आपल्या आळीची माया. तळं राखील तो पाणी चाखील म्हनत्यात, त्यात काय येवढं? आमी कवा कुनाला बोललो व्हय?"

नानी कडेहून पुढं आल्या. "म्हंजी तुमाला वाटत हुतं, मी चोरी करते?"

"चोरी कशाला म्हनायचं त्याला?"

"अन् तरी मला भंडार उचल म्हनत हुता?"

"उचलला असता तर मिटलं नसतं का समदं?" दिपालीला खरोखरच कळेना, यात चुकीचं काय.

लोक चोर म्हणाले तेव्हा नानींना राग आला होता, रडू आलं होतं. आता तसं काही आलं नाही. देवळापुढं ज्या बाया त्यांच्या नावानं गळा काढत होत्या, त्याच मनातून त्यांना चोर समजत होत्या, आणि चोर समजूनच त्यांच्यावर माया करत होत्या. एवढ्या गावात ज्या एकीनं त्यांच्या कामावर बोट ठेवलं, तिनंच त्यांना चोर म्हटलं नव्हतं. नानींना फार एकटं वाटलं. त्या वळल्या आणि सरळ घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी तात्या चार माणसं घेऊन आले. नारळ, साडीचोळी आणि पाना. रोहिणीकडून मागून आणला होता. आप्पांनी लगबगीनं सतरंजी टाकली.

"झालं गेलं गंगेला मिळालं, नानी," तात्या म्हणाले. "आमी चुकलो. आता पाना घ्या, पाळ्या तुमीच ठरवा, समदं पैल्यासारखं."

"पैल्यासारखं कसं?"

"म्हंजी तुमी असताना आमाला घोर नव्हता."

"त्योच तर वांदा हाय तात्या." नानींनी पाना हातात घेतला नाही. "मी चांगली निघाले म्हनून परत द्यायला आलात. ब्येस. अन् मी वाईट असते, तर तुमाला कवा कळलं असतं?"

तात्यांनी उपरण्यानं मान पुसली. 

"पाना पोरीला नेऊन द्या. पाळ्या फळ्यावरच ऱ्हाऊ द्या. अमृतचं नळ बघनं बंद करू नका. तक्रार ऐकायला तुमी अजून कुनीच ठिवला न्हाई, ते मी करीन. पन तेवढंच करीन, अन् माझी तक्रार आली तर ती समितीनं ऐकायची."

आप्पांचं तोंड उतरलं. एवढा मान चालून आला आणि बाईनं तो दारातून परत धाडला. मंडळी निघाली तेव्हा त्यांनी नारळ तेवढा पटकन आत नेऊन ठेवला.

पुढं रोहिणीनं काम नेटकं केलं, हे शत्रूनंही कबूल करावं. नानींकडं तिचं जाणंयेणं वाढलं. येताना मूठभर शेंगा आणायची, आप्पांच्या गोळ्या जामखेडहून आणून द्यायची. नानींना मुलगी नव्हती. एकदा रोहिणी बोलता बोलता चुकून "आई" म्हणाली आणि जीभ चावली. नानींनी ऐकलं नाही असं दाखवलं, पण दिवसभर त्यांचा हात कामात हलका चालला.

मग एका दुपारी दिपाली दारात उभी राहिली. "नानी, तक्रार हाय. आमच्या दिवशी पानी लवकर बंद हुतंय. तुमची ती लाडकी आमच्या वाटचं तोडती अन् आपल्या आळीला सोडती."

नानींच्या ओठांवर शब्द आलेच होते. रोहिणीवर आळ घेतीस? तू? वर्षभर फुकटचं पाणी गपचूप भरलंस ती तू? जिभेच्या टोकावरचं ते वाक्य त्यांनी स्वतःच ऐकलं आणि दचकल्या. देवळापुढं लोक हेच ओरडत होते. आणि दिपाली आवडत नाही म्हणून तिचा हंडा भरलेला असतो असं थोडंच आहे.

"किती दिस झालं हे?" त्यांनी विचारलं, सगळं नीट ऐकून घेतलं, आणि उन्हातच डोक्यावर पदर घेऊन वरच्या आळीला निघाल्या. रस्ताभर त्यांना वाटत होतं, पाय मागं फिरावेत. खोटं असेल तर बरंच. पण खरं निघालं तर? आणि खोटं निघालं तरी, ही पोर पुन्हा दारात शेंगा घेऊन येईल?

रोहिणी ज्वारी पाखडत होती. नानींना पाहून तिचा चेहरा फुलला. "या, या. च्या टाकते."

"च्या मागनं. तक्रार आलीया."

"कुनाची?"

"खालच्या आळीची. तुझ्यावर. त्यांच्या दिवशी तू लवकर बंद करतीस म्हनं."

रोहिणीच्या हातातलं सूप थांबलं.  ती अगदी हळू म्हणाली, "अन् तुमी इचारायला आलात? मला? तुमाला बी वाटतंय तसं?"

 नाही गं पोरी, तुला मी ओळखते, एवढंच म्हटलं असतं तर पुरलं असतं. पोरगी गळ्यात पडली असती. हेच म्हणत म्हणत लोकांनी त्यांना खड्ड्यात घातलं होतं.

"मला काय वाटतंय ते घरी ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "पाना घे अन् चल."

रोहिणीनं सूप भिंतीला लावलं, पाना घेतला आणि पुढं चालू लागली. एरवी नानींसाठी सावकाश चालायची, आज मागं वळूनही पाहिलं नाही. नानी धापा टाकत टाकीपर्यंत पोचल्या तेव्हा ती खड्ड्यावरचं झाकण काढून बाजूला सरली होती.

"आज दिवस खालच्या आळीचा. त्यांचा व्हॉल्व्ह उघडा हाय का बंद, तुमीच बघा," ती म्हणाली.

नानींनी पदर खोचला आणि वाकून बघायला लागल्या.